तुमच्या हातचं खाऊन लेकरांना काही होत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून, एचआयव्ही असलेल्या एका ताईंचं हे पत्र आलं. वहीची दोन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. ताईंनी गावाचं नाव लिहिलं होतं. ते मी काढलंय आणि ओळख पटेल असे काही तपशीलही गाळलेत. बाकी भाषा त्यांचीच आहे.

"मॅडमले नमस्कार. माह्यं वय ३६ आहे. मालक वारून पाच वर्षं झाली. तवाच माही तपासणी झाली आणि मलेही तोच आजार निघाला. तवापासून गोळी चालू आहे. मागच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये विषाणू दिसला नाही असं सांगितलं होतं. पोरगा नववीत आहे, त्याची तपासणी चांगली निघाली. सासूले माहीत आहे, ते त्या विषयावर बोलत नाही. मी मजुरी करतो. निंदण, सोंगणी, कापूस वेचणं, जे भेटलं ते. मागच्या हंगामात वेचणीले दुसऱ्या तालुक्यात गेलो होतो. सगळ्या बाया एकाच गोठ्यात झोपत होतो, गोळी काढता येये ना. पंधरा दिवस गोळी घेतली नाही. दवाखान्यात सांगितलं नाही, रागावतात. दर तीन महिन्यांनी गोळी आणाले जावं लागते, त्या दिवसाची रोजी जाते. मुकादम विचारते, दर तीन महिन्यांनी तुले कोणतं काम असते. आताशा थकवा लय येते, कंबर धरते, मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून खातो. आता गावच्या शाळेत खिचडी शिजवाले बाई पाहिजे. महिन्याचे अडीच हजार भेटते. काम बचत गटाकडं आहे. गटाच्या अध्यक्षबाईनं घरी बोलावलं अन् म्हणे, तुह्याबद्दल काहीबाही ऐकलं, एचआयव्हीचा रिपोर्ट आणून दाखव मंग पाहू. दाखवू का? पोरगाही विचारते, आई हे गोळी कायची. अन् एक गोष्ट कोणालेच विचारता येत नाही म्हणून तुमाले विचारतो. माह्या हातचं खाऊन लेकराइले काही होईन का? खरं सांगजा."

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो तुम्ही दोन पानं भरल्यावर, समासात, बारीक अक्षरात लिहिलाय. पत्र लिहायला बसलात ते याच प्रश्नासाठी, असं मला वाटतं.

नाही. तुमच्या हातचं खाऊन लेकरांना काही होणार नाही. आज नाही आणि दहा वर्षांनीही नाही.

तुमचं मन राखायला म्हणून हे लिहीत नाहीये. एचआयव्ही एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो तो लैंगिक संबंधातून, रक्तातून, एकमेकांची सुई वापरल्यानं, आणि गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून आईकडून बाळाला. तेवढेच त्याचे रस्ते. कणीक मळणाऱ्या हाताचा घाम, ताट विसळलेलं पाणी, थुंकी, खोकला, डास, एका विहिरीचं पाणी, शेजारी बसून खाल्लेली शिदोरी, यातून तो जात नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही. उकळत्या भाताच्या गंजात तर त्याचं काहीच उरत नाही.

पुढचा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो मनात असणार. समुपदेशक म्हणून काम करताना कितीतरी बायांनी दार लोटून घेऊन मला तो विचारलाय: कांदा चिरताना बोट कापलं तर? कापलं तर हात थांबवायचा, बोट साबणानं धुवायचं, पट्टी बांधायची, रक्त लागलेला कांदा फेकायचा, विळी धुवायची आणि पुन्हा कामाला लागायचं. शाळेत शिजवणाऱ्या कोणत्याही बाईनं हेच करायला हवं, मग तिला एचआयव्ही असो की नसो. आणि समजा एखादा थेंब फोडणीत गेलाच, तरी तो शिजून जातो. शिजवलेल्या अन्नातून एचआयव्ही होत नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये विषाणू दिसला नाही, याचा अर्थ तुम्हाला कोणी नीट उलगडून सांगितलाय की नाही, ठाऊक नाही. गोळी विषाणूला शरीरातून पुरता काढत नाही, पण त्याची वाढ रोखते. रोज गोळी घेणाऱ्याच्या रक्तात तो इतका कमी होतो की यंत्रालाही मोजता येत नाही. अशा माणसाकडून लैंगिक संबंधातूनही एचआयव्ही दुसऱ्याला जात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं आहे. मधले पंधरा दिवस गोळी चुकली, त्यात तो थोडा वाढला असेल किंवा नसेल, ते तपासून कळेल. पण खिचडीचं उत्तर त्यानं बदलत नाही. ज्याची गोळी सुरूच झालेली नाही, त्याच्या हातच्या जेवणातूनही एचआयव्ही होत नाही. गोळी तुमच्या जिवासाठी आहे. ती घेतली म्हणून तुमच्या हातचं चालतं आणि चुकली की चालत नाही, असा हिशेब मनात ठेवू नका.

हे सगळं वाचताना मला आनंदवन आठवलं. वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या सोबत कुष्ठरोग्यांनी माळरान फोडून भाजी पिकवली, तेव्हा सुरुवातीला ती घ्यायला आजूबाजूचे लोक तयार नव्हते. भाजी ताजी होती, पण पिकवणारे हात लोकांना नको होते. पुढे तेच लोक ती भाजी घेऊ लागले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभं केलं, तेव्हाही त्यांनी रोग्यांना अंथरुणावर बसवून ठेवलं नाही, हाताला काम दिलं. कुष्ठरोग भाजीतून जात नाही. तुमचा आजारही जेवणातून जात नाही, तरी तुमच्या हाताला तोच सवाल.

आता रिपोर्टचं. दाखवू नका.

अध्यक्षबाईंना तो मागण्याचा अधिकार नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. कामावर घेण्यासाठी एचआयव्हीच्या चाचणीची अट घालता येत नाही, असं हा कायदा सांगतो. तुमच्या संमतीशिवाय तुमची चाचणी करता येत नाही. न्यायालयाचा आदेश नसेल तर स्वतःची स्थिती सांगायला तुम्हाला कोणी भाग पाडू शकत नाही. आणि एचआयव्ही आहे एवढ्यावरून काम नाकारता येत नाही. कामावर असलेल्याला काढायचं झालं, तरी त्या कामात दुसऱ्याला संसर्गाचा मोठा धोका आहे किंवा ते काम तुम्हाला झेपणार नाही, असं स्वतंत्र, पात्र वैद्यकीय तज्ज्ञाचं लेखी मत लागतं. खिचडीच्या बाबतीत असं कोणता तज्ज्ञ लिहून देईल?

"हा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी असतो, आमच्या बचत गटाला कुठला," असं कोणी म्हणालं तर सांगा, दोन किंवा जास्त माणसं मिळून वर्षभर किंवा अधिक काळ पद्धतशीर काम करत असतील तर तीही या कायद्यातल्या आस्थापनेत मोडतात. बचत गट त्यात बसतो, शाळाही बसते.

हा कायदा नव्हता तेव्हासुद्धा आपल्या राज्यात एक माणूस यासाठी लढला होता. एका सरकारी महामंडळात तो रोजंदारीवर होता. कायम करण्याआधी तपासणी झाली, एचआयव्ही निघाला आणि यादीतून नाव कापलं गेलं. अंगात ताकद होती, काम नीट करत होता. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला: जो काम करू शकतो आणि ज्याच्यामुळे सोबतच्यांना धोका नाही, त्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येणार नाही. त्याचं नाव आजही कुणाला ठाऊक नाही. निकालाच्या कागदावर नावाच्या जागी 'एमएक्स' एवढीच अक्षरं आहेत. नाव झाकलेलं ठेवून त्यानं कामाचा हक्क मिळवला. तुम्हालाही दोन्ही मिळू शकतं.

पण गावात अध्यक्षबाईंपुढे कायद्याचं कलम वाचून भागत नाही, हे मलाही कळतं. म्हणून तिथं काय बोलायचं ते लिहिते. सरळ म्हणा: "स्वयंपाक करणाऱ्या बाईची जी आरोग्य तपासणी सगळ्यांची होते, ती माझीही करा. आरोग्य केंद्रात डॉक्टर सांगतील ते मला मान्य आहे. पण एचआयव्हीचा रिपोर्ट मागायचा कायदा नाही, तो मी दाखवणार नाही." एवढंच. मला एचआयव्ही नाही, असं खोटं बोलू नका, आणि आहे असंही कबूल करू नका. रिपोर्ट दाखवायला नकार देणं म्हणजे कबुली नव्हे. तपासणीला मात्र जरूर जा. शिजवणाऱ्या बाईला जुना खोकला, जुलाब, हातावर पिकलेली जखम नाही ना, हे लेकरांसाठी पाहायलाच हवं, आणि ते तुमच्यासाठीही चांगलंच आहे.

अध्यक्षबाईंवर मी चिडणार नाही. त्यांचं नातवंड त्याच शाळेत असेल. भीती खरी असते, माहिती चुकीची असते. पण त्यांना हे कोणाकडून कळलं, हा वेगळा मुद्दा. उपचार करणाऱ्या किंवा नोंद ठेवणाऱ्या कोणाच्या तोंडून गेलं असेल, तर तो गोपनीयतेचा भंग आहे आणि त्याची तक्रार होते. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक असतं, तुम्हाला गोळी मिळते त्या एआरटी केंद्रातला समुपदेशक तिथवर तुमची गोष्ट पोचवू शकतो. काम नाकारलंच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. त्यांचा फोन १५१०० आणि एचआयव्हीची मोफत हेल्पलाइन १०९७. दोन्हीकडे गावाचं नाव न सांगताही विचारता येतं.

एक सावधगिरी. समुपदेशक तुम्हाला म्हणतील, आम्ही गावात येऊन बचत गटाला एचआयव्हीची माहिती देतो. हेतू चांगला असतो, पण आत्ता नको म्हणा. ज्या आठवड्यात तुमच्याबद्दल कुजबूज आहे त्याच आठवड्यात गावात एचआयव्हीची सभा लागली, तर सगळ्यांच्या नजरा तुमच्या घराकडे वळतील. दोन-तीन महिन्यांनी रक्तक्षय आणि सिकलसेलच्या तपासणीसोबत, चार-पाच गावांत मिळून शिबिर ठेवता येईल का, ते विचारा. त्यात एचआयव्हीची माहिती सहज मिसळते.

काम घ्यावं की नाही, हे तुम्ही विचारलं नाही. तरी माझं मत सांगते: घ्या. अडीच हजारात घर चालत नाही आणि वेचणीच्या हंगामात तुम्ही त्याहून कितीतरी जास्त कमावता, हे मला माहीत आहे. पण वेचणी दसऱ्याला सुरू होते आणि फरतडीचा शेवटचा कापूस धरून होळीपर्यंत कशीबशी पोचते. पुढचे महिने कोरडे. शाळेचं काम गावात आहे, दुपारी हात मोकळा होतो, उरलेला अर्धा दिवस वावरात जाता येतं आणि रात्री आपल्या घरी झोपता येतं. तुमच्या गोळीला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगाची आहे.

गोळीवर मी थोडं सविस्तर लिहिणार आहे.

पंधरा दिवस चुकले ते तुम्ही दवाखान्यात सांगितलं नाही, कारण तिथं रागावतात. हे वाचून मला माझी एक चूक आठवली. मी समुपदेशक होते तेव्हा एक बाई गोळ्या संपल्यावर चार दिवसांनी आली. मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, जिवाची पर्वा नाही का तुम्हाला? ती काही बोलली नाही, गोळ्या घेऊन गेली. नंतर तिच्या सोबतच्या बाईनं सांगितलं, मजुरीचा हप्ता आठवडी बाजाराच्या दिवशी होतो आणि तोवर तिच्याकडे गाडीभाड्याला पैसे नव्हते. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मी माफी मागितली. तिनं मान हलवली, पण नंतर मला काही खरं सांगितलं नाही. गोळी चुकली का विचारलं की नेहमी "नाही" म्हणायची. रागावण्यानं मी एवढंच कमावलं.

म्हणून या खेपेला सांगा. हवं तर हा कागद पुढे करा. "मॅडम, वेचणीला बाहेरगावी होते, पंधरा दिवस गोळी चुकली, परत सुरू केली आहे, माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासा." सांगितलं नाही तर नुकसान तुमचंच आहे. गोळी अधूनमधून सुटली की विषाणूला वाढायला सवड मिळते, आणि अशा वाढीत तो गोळीला दाद न देणारा होऊ शकतो. मग ही एक साधी गोळी जाऊन दुसरी औषधं लागतात. हल्लीची गोळी मजबूत आहे, पंधरा दिवसांनी सगळं बिघडलंच असेल असं नाही. विषाणू वाढलेला निघाला तर तीन महिने नेटानं गोळी घ्यायला लावून पुन्हा तपासतात. एकदम औषध बदलत नाहीत, घाबरू नका.

तुम्ही गोळी रात्री घेता, असं पत्रावरून वाटतं. पाच वर्षांपासून घेताय म्हणजे तुमची आधीची गोळी कदाचित एफाव्हिरेन्झ असलेली असेल. तिनं डोकं जड व्हायचं, भलतीसलती स्वप्नं पडायची, म्हणून ती झोपताना घ्यायला सांगत. आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर अशी तीन औषधं असलेली एकच गोळी देतात. ती सकाळी घेतली तरी चालते, जेवणाआधी की नंतर याचीही अट नाही. उलट काहींना ती रात्री घेतली तर झोप लागत नाही. तुमच्या बाटलीवर ही तीन नावं आहेत का ते सिस्टरला दाखवून घ्या, आणि असतील तर वेळ सकाळी घेऊ का म्हणून विचारा. पहाटे चुलीवर चहा ठेवला की गोळी. सगळ्या बाया त्या वेळी आपापल्या शिदोरीच्या मागे असतात, तुमच्या हाताकडे कोणी पाहत नाही. सकाळी राहिली तर दिवसात आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवसापर्यंत आठवलीच नाही, तर दोन एकदम घेऊ नका, त्या दिवसाची एकच.

बाटली पिशवीत खुळखुळते, हे मला खूप बायांनी सांगितलंय. गाडीत बसलं की आवाज होतो आणि कोणीतरी विचारतं. बाटली घरीच ठेवा, आत ओल शोषणारी पुडी असते ती फेकू नका. बाहेरगावी जाताना लागतील तेवढ्याच गोळ्या एका कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घ्या आणि वरून कापसाचा बोळा दाबा. कापूस तुमच्या ओटीतलाच. आवाज बंद. कोणी पाहिलंच तर "डॉक्टरनं दिलेली आहे, रोजची आहे" एवढं पुरतं. गावात रोज बीपीची, साखरेची गोळी घेणारी माणसं घराघरात आहेत.

थकवा आणि कंबर. इथं माझा आग्रह आहे, कारण या एका गोष्टीत तुम्ही नकळत स्वतःचं नुकसान करून घेताय. मेडिकलमधून आणता त्या दुखण्याच्या गोळ्यांत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक किंवा तसलंच काहीतरी असतं, आणि गावचे डॉक्टर कंबरेत टोचतात ते इंजेक्शनही बऱ्याचदा तेच. तुमच्या रोजच्या गोळीतल्या टेनोफोव्हिरचा भार किडनीवर असतो. त्यावर या गोळ्या, त्यावर मार्च-एप्रिलच्या उन्हात पाणी न पिता सोंगणी, हे तिन्ही एकत्र आले की किडनी बिघडू शकते, आणि बराच काळ ती काही बोलत नाही. गावच्या डॉक्टरला आजार सांगायचा नसेल तर इतकं म्हणा: "माझ्या किडनीला जपायला सांगितलंय, दुखण्याला फक्त पॅरासिटामॉल द्या." यात खोटं काही नाही. एआरटी केंद्रात क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीची, तपासणी करायला सांगा, आणि आतापर्यंत किती दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या तेही सांगा. वावरात पाण्याची मोठी बाटली न्या. लघवीला जावं लागेल म्हणून बाया पाणी पीत नाहीत, ते करू नका.

थकवा आला की आपण लगेच म्हणतो, हा आजारच पुढे सरकला. तसं असेलच असं नाही. वेचणीची ओटी बांधून वाकून-वाकून काम करणाऱ्या आपल्याकडच्या बायांच्या अंगात रक्तच कमी असतं, मग एचआयव्ही असो वा नसो. हिमोग्लोबिन तपासा, आपल्या भागात सिकलसेल आहे तर तेही एकदा तपासून ठेवा. खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं यातलं एकही असेल तर त्याच दिवशी सांगा, टीबी वेळेत सापडला पाहिजे. आणि उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर एक लक्षात ठेवा: रिकाम्या पोटी त्या एचआयव्हीच्या गोळीसोबत घेतल्या तर डोलुटेग्राव्हिर पुरेसं अंगी लागत नाही. कॅल्शियमचंही तसंच. ॲसिडिटीची काही औषधं तर जेवल्यावरही या गोळीसोबत चालत नाहीत, घेण्याआधी सिस्टरला विचारा. तुमची गोळी पहाटे घ्या, लोहाची संध्याकाळी जेवल्यावर.

आता रोजी बुडण्याचं. तुमच्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात लिंक एआरटी केंद्र आहे का, ते समुपदेशकाला विचारा. तब्येत स्थिर असली की गोळ्या तिथून घेता येतात, आणि लांबचा दिवसभराचा प्रवास अर्ध्या दिवसावर येतो. एसटीत एचआयव्ही असलेल्यांना प्रवासाची सवलत आहे, पण त्यासाठी कागद दाखवावा लागतो आणि गावच्या गाडीचा वाहक तोंडओळखीचा असतो. बायांना सगळ्यांनाच २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. मी तुमच्या जागी असते तर निम्मे पैसे भरले असते आणि कागद पिशवीतच ठेवला असता. मुकादमाला म्हणा, "बाईचा त्रास आहे, डॉक्टर तीन महिन्यांनी बोलावते." पुढं विचारायला तो धजणार नाही.

पैशाचे दोन अर्ज करा, आणि दोन्ही तुमच्या आजाराचं नाव न घेता करता येतात. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्ही असलेले बसतात, तशा निराधार विधवाही बसतात. महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसीलमध्ये जातो आणि वाटेत पुष्कळ जण तो वाचतात, म्हणून विधवा म्हणूनच करा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं, आणि शाळेच्या अडीच हजारांनीच ते ओलांडू शकतं, तेव्हा तुम्ही त्यात बसता का ते तहसीलमध्ये आधी विचारून घ्या. दुसरा, मुलासाठी बालसंगोपन योजनेचा. वडील नसलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये. तो जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. त्यातही वडिलांच्या मृत्यूचा दाखला पुरतो, मृत्यू कशानं झाला ते कोणाला सांगायची गरज नाही.

राहिला मुलगा.

दुसऱ्या कोणाला सांगावं की नाही यात मी तुम्हाला "नका सांगू" म्हटलंय. मुलाच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. गोष्ट अध्यक्षबाईंपर्यंत पोचली आहे. उद्या वर्गातलं कोणीतरी त्याच्या तोंडावर बोलेल, आणि ते शब्द चांगले नसतील. त्याआधी त्याला ते तुमच्या तोंडून कळू द्या. नववीतल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात आणि मोबाइलवर एचआयव्हीचं नाव येऊन गेलेलं असतं, आणि तो आपल्या मनानं काहीतरी जुळवत असेल. आई कशाची गोळी, हे तो उगीच विचारत नाही.

एकटीनं सांगायचा धीर होत नसेल तर पुढच्या खेपेला त्याला सोबत घेऊन जा. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी जा. समुपदेशकाला आधी फोन करून कळवा, म्हणजे खोलीत गर्दी नसेल. त्याला तिघांनी बसून सांगा, की ही गोळी बाबांनाही वेळेत मिळाली असती तर बरं झालं असतं, आई ती रोज घेते म्हणून ठणठणीत आहे, आणि त्याची स्वतःची तपासणी चांगली निघाली आहे. ही शेवटची गोष्ट त्याला पहिल्यांदा सांगा. त्याला तीच आधी हवी असेल.